नसलेल्या सुईचा हिशेब

पोळ्याच्या दोन दिवस आधी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहाटे एक बाई बाळंत झाली. पहिलटकरीण. बाळ-बाळंतीण खुशाल. आठच्या सुमारास सिस्टर कार्ड घेऊन माझ्या औषधाच्या खिडकीशी आली. आईचा रक्तगट बी निगेटिव्ह. बाळाचं रक्त तपासायला पाठवलं, ते दुपारी पॉझिटिव्ह निघालं. म्हणजे अँटी-डीची सुई हवी, तीही ७२ तासांच्या आत. माझ्या साठा नोंदवहीत त्या औषधाच्या पानावर चार महिन्यांपासून एकच शब्द होता: निरंक.

नवरा पऱ्हाटीतली फवारणी टाकून आला होता. त्याच्या हातात चिठ्ठी दिली, 'बाहेरून आणा'. तालुक्याच्या तिन्ही मेडिकलांत नव्हती. तो तसाच यवतमाळला गेला, तिथे चौथ्या दुकानात मिळाली. दुकानदाराने 'थंड ठेवजा' एवढंच सांगितलं. या पठ्ठ्याने एसटी स्टँडवर चार पेप्स्या घेतल्या, त्या प्लास्टिकच्या नळीतल्या, नारंगी बर्फाच्या. रुमालात गुंडाळलेली बाटली जेवणाच्या स्टीलच्या डब्यात त्यांच्या मधोमध ठेवली आणि डबा मांडीवर धरून दोन तास बसमध्ये बसून आला. डबा उघडला तेव्हा पेप्स्यांचं सरबत झालं होतं, औषधाचा खोका भिजून नारंगी झाला होता आणि बाटली थंडगार होती. "कामी येईन ना साहेब? दोन हजाराच्या वर गेले," तो म्हणाला. सिस्टरने सुई दिली.

त्या संध्याकाळी मी नोंदवहीत काय लिहिलं? काहीच नाही. बाहेरून आणलेल्या औषधाला आमच्या नोंदवहीत रकानाच नसतो.

मी ३१ वर्षं औषध निर्माण अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालो. यवतमाळ, चंद्रपूर, काही वर्षं गडचिरोली. औषधांच्या तुटवड्यावर बोलणारे बहुतेक लोक निविदा, दलाली आणि रिकामी कपाटं यांवर बोलतात. ते सगळं खरंच आहे. पण मला जे सांगायचं आहे ते त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे. आपली व्यवस्था वाया गेलेल्या औषधाचा हिशेब मागते, नसलेल्या औषधाचा मागत नाही. बाळंतपणाच्या औषधांची तयारी इथूनच बिघडते.

ती सुई कशासाठी असते, ते थोडक्यात. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं की बाळंत होताना बाळाच्या रक्ताचे थेंब आईच्या रक्तात जातात आणि तिचं शरीर त्या पेशींशी लढायला शिकून ठेवतं. या बाळाला काही होत नाही. पुढचं बाळ पोटात असतानाच त्याच्या लाल पेशी फुटू लागतात. म्हणजे आज सुई चुकली याची बातमी दोन-तीन वर्षांनी येते. तोवर खिडकीवर दुसराच माणूस बसलेला असतो.

आता गंमत बघा. साप कोणाला, कोणत्या धुऱ्यावर चावेल हे कोणी सांगू शकत नाही. बाळंतपण मात्र सहा-सहा महिने आधी नावगावासकट कळवून येतं. तिसरा महिना सरायच्या आत आशाताई नाव नोंदवते. कार्डावर रक्तगट असतो, हिमोग्लोबिन असतं, बीपी असतं, आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी असते, बाळंतपणाची अंदाजी तारीखही असते. सपाटीवरच्या ३० हजार लोकसंख्येच्या केंद्रात वर्षाला साडेचारशेच्या आसपास बाळंतपणं धरा. आपल्याकडे शंभरात पाचेक माणसं निगेटिव्ह असतात, म्हणजे वीस-बावीस बाया झाल्या. त्यांची नावं उपकेंद्राच्या वहीत आहेत. ती बी निगेटिव्ह पहिलटकरीणही होती, मार्चपासून होती. ज्या औषधाचं गिऱ्हाईक नावानिशी ठाऊक आहे ते औषध संपतं कसं? गावातला किराणावालासुद्धा दिवाळीचा रवा दिवाळीच्या आधी भरतो.

ते कसं संपतं हे मला चांगलं माहीत आहे, कारण संपवणाऱ्यांत मीही होतो.

आम्ही मागणीपत्र पाठवायचो. हजार लिहिले की चारशे येणार हे ठरलेलं, म्हणून आम्ही दोन हजार लिहायचो. वरचे म्हणायचे, हे लोक फुगवून लिहितात, आणि आणखी कापायचे. अशी दहा वर्षं गेली की खरी गरज किती हे जिल्ह्याला ठाऊक राहत नाही. मला माझ्या केंद्राची ठाऊक होती, तीही मी विसरत चाललो होतो. दुसरी युक्ती शेवटच्या दहांची. कोणतंही औषध शून्यावर जाऊ द्यायचं नाही. शून्य लिहिलं की फोन यायचा, "आधी का नाही कळवलं?" कळवलेलं असायचं, पण फोनवर कोण वाद घालणार? म्हणून दहा अँप्युल कपाटात मागे सारून ठेवायच्या. महिन्याच्या अहवालात रकाना 'उपलब्ध / अनुपलब्ध' असा. दहा आहेत, म्हणजे उपलब्ध.

मॅग्नेशियम सल्फेट, आम्ही मॅगसल्फ म्हणतो, त्याच्या दहा अँप्युल म्हणजे काय ते सांगतो. बीपी वाढून झटके येणाऱ्या गरोदर बाईला मोठ्या दवाखान्यात हलवण्याआधी पहिला डोस देतात. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम असतं. म्हणजे 'उपलब्ध' या शब्दाचा अर्थ होता एक बाई. दुसरी आली तर अनुपलब्ध. हे औषध नवं नाही की महाग नाही. बीपी वाढलेल्या गरोदर बायांना ते वेळेत दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ मध्ये मॅगपाय नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवून दिलं. तरी ते कमी मागवलं जातं, कारण साध्या केंद्रात वर्षभरात अशी एखाद-दुसरीच बाई येते. तीस अँप्युल ठेवल्या तर वीस मुदत संपून जातात.

आणि मुदत संपणं हा आमच्या खात्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. माझ्या सगळ्या नोकरीत मला दोन वेळा लेखी खुलासा मागितला गेला. दोन्ही वेळा एक्स्पायरी झालेल्या औषधांबद्दल. एकदा तर पगारातून वसुलीची भाषा झाली. औषध नव्हतं म्हणून खुलासा एकदाही नाही. माणूस कुठे घाबरायचं ते लवकर शिकतो. लेखापरीक्षणात वीस बाद अँप्युल दिसतात, कारण त्या खोक्यात असतात, मोजता येतात. न मिळालेल्या दहा अँप्युल मोजायला कोणी येत नाही. पेट्रोल पंपावरच्या लाल बादल्यांतली वाळू आग लागली नाही म्हणून वाया गेली, असा शेरा कधी कोणी मारला आहे का? मॅगसल्फ ही लाल बादलीतली वाळू आहे. ती न वापरता बाद झाली तर ते वर्ष चांगलं गेलं असं धरायला हवं.

ऑक्सिटोसिनची कहाणी वेगळी आहे, कारण त्याचा तुटवडा दोन तऱ्हेचा असतो. बाळ बाहेर आलं की लगेच १० युनिटची सुई द्यायची, गर्भाची पिशवी आवळते, अंगावरून जाणं आटोक्यात राहतं. आपल्याकडे पाच युनिटची अँप्युल सर्रास येते, म्हणजे प्रत्येक बाळंतिणीला दोन. महिन्याला १५ बाळंतपणं असतील तर ३०, आणि दोघींना जास्त रक्त गेलं तर सलाईनमधून लागणाऱ्या आणखी दहा-पंधरा. महिन्याची पन्नास धरली तर तीन महिन्यांच्या दीडशे. एवढं गणित चौथीतलं पोरगंही करेल. हा झाला पहिला तुटवडा, नोंदवहीत दिसणारा.

दुसरा दिसत नाही. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो. दुपारी तीन तास लाईट नसते, इन्व्हर्टर लेबर रूमच्या दिव्यापुरता. सकाळीच ट्रेमध्ये काढून ठेवलेल्या अँप्युल संध्याकाळपर्यंत तिथेच. नोंदवहीत ८० शिल्लक, पण त्या ८० मध्ये औषध किती आणि पाणी किती हे कोण सांगणार? पिशवी आवळत नाही तेव्हा सिस्टर दुसरी सुई देते, तिसरी देते आणि म्हणते, बाईचं नशीब. बाजूच्याच खोलीत लशींचा आयएलआर फ्रीज चोवीस तास तापमानाच्या नोंदीसह चालू असतो. त्यात लशीशिवाय काही ठेवायचं नाही, असं आम्हाला घोटून शिकवलेलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २०१९ पासून सांगत आहेत की ऑक्सिटोसिनही त्याच शीतसाखळीत, वेगळ्या खुणेच्या डब्यात, ठेवता येतं. एका डब्याच्या जागेचा प्रश्न आहे. त्याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

उन्हाला टिकणारी औषधं आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची तुलना ऑक्सिटोसिनशी झाली ती दहा देशांतल्या जवळपास ३० हजार बायांवर, त्यात भारतही होता. रक्तस्राव टाळण्यात दोन्ही तोडीस तोड निघाली, हे २०१८ मध्ये छापून आलं. ३० अंशांवर ते तीन वर्षं टिकतं. फक्त आमच्या औषधाच्या खोलीत मे महिन्यात ३० अंश कधी असतात, हा प्रश्न जिनिव्हात बसून सुचणारा नाही. तरीही ४० अंशांत एक दिवस राहिलेल्या ऑक्सिटोसिनपेक्षा मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवीन.

याच ऑक्सिटोसिनचा २०१८ मध्ये झालेला घोळ लोक विसरले. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गवळी ही सुई टोचतात हे आपल्याकडे कोणाला नवीन नाही. ते थांबवायचं म्हणून केंद्र सरकारने त्या वर्षी एप्रिलमध्ये आदेश काढला की देशात विकायचं ऑक्सिटोसिन फक्त सरकारी कंपनीने बनवायचं. प्रत्यक्षात ते काम कर्नाटकातल्या एकाच सरकारी कंपनीवर आलं. १ जुलैची तारीख पुढे ढकलून १ सप्टेंबर केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण देशभरच्या बाळंतिणींची सुई एका कारखान्याच्या एका लाईनवर टांगायची, हा विचार कागदावर उतरला तेव्हा खोलीत लेबर रूममधली एकही बाई नसणार. म्हशीचा बंदोबस्त करायला निघाले आणि बाळंतिणीचं दावं सोडलं.

खरं तर जी औषधं जुनी आणि स्वस्त, तीच आधी गायब होतात. त्यांत कोणाला नफा नसतो, बनवणारे दोन-चार उरतात, एकाने हात वर केले की जगभर टंचाई. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर बाळाला वाचवणारं बेन्झाथीन पेनिसिलीन हे त्याचं नमुनेदार उदाहरण. दशकभरापूर्वी डझनावारी देशांत ते एकाच वेळी मिळेनासं झालं होतं. कच्च्या मालासाठी आपण चीनकडे बघतो, हे मार्च २०२० मध्ये सगळ्यांना कळलं. सरकारने २६ औषधं आणि घटकांची निर्यात रोखली, त्या यादीत पॅरासिटामॉल होतं तसंच गर्भ टिकवायला दिलं जाणारं प्रोजेस्टेरॉनही होतं. पुढच्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत डेक्सामेथासोनवर उड्या पडल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं पिकावीत म्हणून आईला द्यायची सुई हीच. अशा दिवसांत मोठी शहरं ओरडून, फोन लावून, विमानाने मागवून वाट काढतात. आमचं केंद्र त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभं असतं.

लाल गोळ्यांचा तुटवडा तर कोणी तुटवडा मानतच नाही. गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० गोळ्या, एका केंद्राला वर्षाला लाखाच्या वर. दोन महिने आल्या नाहीत तर त्या दिवशी कोणी मरत नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी होतं. सात हिमोग्लोबिनची बाई लेबर रूममध्ये येते तेव्हा जेवढं रक्त गेलेलं दुसरी सहन करते, तेवढ्यात ही जाते. आषाढातल्या गोळ्यांचा तुटवडा मार्गशीर्षात माता मृत्यूच्या अहवालात 'अतिरक्तस्राव' म्हणून नोंदला जातो. आमच्या भागात याला सिकलसेलचा आणखी एक पदर आहे. तिथे रक्त कमी दिसलं म्हणून लोह ओतत राहणं चुकीचं, फॉलिक ॲसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी मात्र चुकता कामा नये, आणि नेमकी तीच पिवळी गोळी कोणाच्या मागणीपत्रात वर नसते.

आपल्याला तयारी जमत नाही असं मात्र नाही. गडचिरोलीत भामरागडला मी ती पाहिली आहे. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तालुका तुटतो, कधी दोन दिवस, कधी आठ. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर रेशनचं धान्य आत जातं, औषधं आत जातात, दिवस भरत आलेल्या बायांच्या याद्या होतात. काहींना दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. मेळघाटातही हेच. १९९५ च्या नवसंजीवनी योजनेपासून हे चालत आलं आहे. दरवर्षी नीट होतं असं नाही, पण कल्पना पक्की आहे. वाट बंद होणार हे गृहीत धरायचं आणि वाट चालू असताना भरून ठेवायचं. माझं म्हणणं एवढंच की वाट फक्त पाण्याने बंद होत नाही. भामरागडला नदी तोडते, आम्हाला निविदा तोडते. मार्चअखेर बिलं अडकली की पुरवठादार हात आखडतो, आचारसंहिता लागली की फाईल थांबते, दरकरार संपून नवा व्हायला चार महिने लागतात. हे सगळे पूर तारखेनिशी येतात. त्यांच्या आधी याद्या करायला कोणी सांगत नाही.

राज्याने २०१७ मध्ये सगळी खरेदी एका महामंडळाकडे एकवटली, तिथे फायली तुंबल्या म्हणून २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. पाटी बदलली हे बरंच झालं. पण तामिळनाडूचं महामंडळ १९९४ पासून चाललं ते पाटीमुळे नाही. तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक आहे, बँकेसारखं. आपल्या नावावर किती रकमेची औषधं आहेत ते दवाखान्याला दिसतं, जिल्ह्याच्या गोदामातून तो लागेल तशी उचलतो, गोदामात काही महिन्यांचा साठा ठेवलेला असतो आणि बॅच तपासून पास झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. या शेवटच्या गोष्टीची चेष्टा करू नये. टंचाईत घाईने घेतलेलं औषध हे टंचाईपेक्षा वाईट असू शकतं. नागपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात २०२३ मध्ये पकडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत औषधच नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीत सिझेरियन झालेल्या बाळंतिणी एकीमागून एक दगावल्या आणि संशय सलाईनच्या बाटल्यांवर आला. शेल्फ भरलेलं होतं, हे त्या बायांच्या काय कामाचं?

'स्थानिक खरेदी करा, रुग्ण कल्याण समितीचा पैसा आहे' हा वरून येणारा ठरलेला सल्ला. पॅरासिटामॉलला तो ठीक आहे. खऱ्या टंचाईत मेडिकलवाल्याकडेही माल नसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि मिसोप्रोस्टॉलसारखी गोळी असली तर दुकानदार ठेवायलाच तयार नसतो. ही गोळी फ्रीज मागत नाही, सलाईन मागत नाही. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून दिली की रक्तस्राव रोखायला मदत करते. घरीच बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बायांसाठी ती आशा-परिचारिकांमार्फत पोहोचवावी, असं केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेतच आहे. पण तीच गोळी गर्भपातातही लागते. बीडमधलं लिंगनिदानाचं प्रकरण गाजल्यानंतर राज्यात मेडिकलांवर असे छापे पडले की दुकानदारांनी "नको ती भानगड" म्हणत ती ठेवणंच सोडलं. मुलगी वाचवायच्या मोहिमेत बाळंतिणीची गोळी गेली. (घरच्यांनी ती आणून स्वतःच द्यायची, असं मी मुळीच म्हणत नाही. कळा येत असताना दिली तर पिशवी फुटू शकते.)

मग करायचं काय? माझ्या डोक्यात बसलेली मुख्य गोष्ट ती चिठ्ठी आहे. 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी कधी केसपेपरवर नसते. औषध कंपनीच्या एमआरने दिलेल्या पॅडच्या कोऱ्या पानावर असते, त्यावर शिक्का नसतो, सही असलीच तर वाचता येत नाही. कारण ती बेकायदा आहे. सरकारी दवाखान्यातल्या गरोदर बाईकडून औषधाचा एक पैसा घ्यायचा नाही, हे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ मध्येच ठरवलं. चिठ्ठीला मनाई झाली, चिठ्ठी थांबली नाही, फक्त दिसेनाशी झाली. मी म्हणतो, तिला कायद्यात आणा. छापील पुस्तक, कार्बन लावून तीन प्रती. एक घरच्यांना, आठ दिवसांत पैसे परत मिळण्याच्या हमीसह. एक स्टोअरमध्ये. एक जिल्ह्याला, आणि ते पैसे जिल्हा स्टोअरच्या खात्यातून वळते. माझे काही मित्र म्हणतात, याने बाहेरून आणायला लावणं राजरोस होईल. राजरोस आताही आहेच. फरक एवढा पडेल की वर्षाअखेर कोणीतरी त्या प्रती मोजील, आणि अँटी-डीच्या किती चिठ्ठ्या कोणत्या महिन्यात फाटल्या ते एका नजरेत कळेल. माझ्या नोंदवहीत नसलेला रकाना मिळेल.

बाळंतपणाची सात-आठ औषधं बाकीच्या यादीतून वेगळी काढावीत, हे दुसरं. शेतकरी कितीही नड आली तरी बियाण्याची कणगी फोडत नाही. तशी प्रत्येक केंद्रात या औषधांची एक रेघ असावी, तिच्याखाली साठा गेला की अहवालात 'उपलब्ध' लिहिण्याची मुभाच नसावी. मॅगसल्फची रेघ दहावर नको, तीसवर हवी. आणि त्या रेघेपुरत्या साठ्याची मुदत संपली तर खुलासा नाही, वसुली नाही. मुदतीला सहा महिने उरले की ती खोकी गर्दीच्या ग्रामीण रुग्णालयाला द्यायची आणि तिथून ताजी घ्यायची, म्हणजे फार काही बादही होणार नाही. साठ्याच्या नोंदीच्या ई-औषधी प्रणालीत शेजारच्या केंद्राचा साठा दिसू शकतो. पण त्यात भरलेला आकडा खरा असेल तरच. आणि शून्य लिहिणाऱ्याला फोनवर झापलं नाही तरच तो खरा असेल.

हे सांगितलं की तालुक्याच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. आता पीएचसीत बाळंतपणं होतात किती? सगळे खासगीत जातात, नाहीतर १०८ बोलावून थेट जिल्ह्याला. राज्याचं माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. मग एवढा आटापिटा कशाला? हे ३३ मुंबई-पुण्यासकटचे आहेत, गडचिरोलीतल्या कोरची-एटापल्लीचे नाहीत. आणि बाळंतपणं कमी झाली म्हणून तर जी येते ती अडून आलेली असते. रात्रीची, पावसातली, गाडी न मिळालेली. जिच्याकडे दुसरा पर्याय होता ती आलीच नाही.

घरच्यांनी काय करावं हेही विचारतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर सातव्या महिन्यात सिस्टरला विचारावं, सुई आली का. २८ व्या आठवड्यातही एक द्यायची असते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पण मी हे दबक्या आवाजात सांगतो. तयारीचं ओझं एकदा घरच्यांवर टाकलं की सरकार ते परत उचलत नाही, आणि ज्याला पेप्स्यांची युक्ती सुचली नाही त्याची बायको मागे राहते. ग्रामसभेने विचारलं तर गोष्ट वेगळी. अमरावतीसह पाच जिल्ह्यांत २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा मेळघाटातल्या गावांनी आरोग्य केंद्रांना जाब विचारला, जनसुनवायांत औषधांचा विषय निघाला. त्या काळात आमच्यासारख्यांना ते फार झोंबलं होतं. साहेबांपेक्षा गावकऱ्यांसमोर शून्य वाचून दाखवणं अवघड जातं.

निवृत्तीच्या दिवशी पदभार देताना नव्या मॅडमला सगळं मोजून दिलं. पोरगी अकोल्याकडची, पहिलीच नेमणूक, प्रत्येक खोक्यावरची तारीख वाचणारी. मॅगसल्फच्या खोक्यापाशी थांबली. २२ अँप्युल, ऑगस्टमध्ये बाद होणाऱ्या. "सर, ह्या माझ्या नावावर पडतील का?" मी म्हटलं, पडतील. मग विचार करून तिने मागणीपत्राचं पुस्तक ओढलं आणि मॅगसल्फसमोर ३० लिहिलं. मी म्हटलं, साठ लिही, निम्मे कापतात. तिने माझ्याकडे पाहिलं, पेनचं टोपण लावलं आणि ३० च राहू दिलं.